जैवविघटनशील बहुवारिके (वैद्यकीय उपयोग)

शरीरातील पाण्याच्या किंवा विकरांच्या क्रियेने लहान रेणूंत तुटणाऱ्या आणि ते रेणू चयापचयात सामावले गेल्याने अथवा मूत्रावाटे बाहेर पडल्याने शरीरातून नाहीशा होणाऱ्या बहुवारिकांना जैवविघटनशील बहुवारिके म्हणतात. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके, महिन्यातून एकदा घ्यावयाची संप्रेरकांची इंजेक्शने, मेंदूतील गाठ काढल्यावर त्या जागी ठेवल्या जाणाऱ्या औषधी चकत्या आणि पेशींत जनुके पोहोचवणारे अतिसूक्ष्म कण ही त्यांच्या उपयोगाची परिचित उदाहरणे होत. पॉलिलॅक्टिक आम्ल, पॉलिग्लायकॉलिक आम्ल, या दोहोंचे सहबहुवारिक (संक्षेपाने पीएलजीए), पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पॉलिअॅनहायड्राइडे, जीवाणूंपासून मिळणारी पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएटे आणि जिलेटिन, कायटोसान यांसारखे निसर्गजन्य पदार्थ या वर्गात मोडतात. यांपैकी पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट गटातील एक सहबहुवारिक तयार करणारा जीवाणू महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या खाऱ्या सरोवरात सापडला आहे.

संज्ञेचा अर्थ

‘जैवविघटनशील’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यानंतर बाजारात ज्या ‘विघटनशील’ पिशव्या दिसू लागल्या, त्यांच्या बाबतीत हा शब्द माती किंवा खताच्या खड्ड्यातील सूक्ष्मजीवांनी होणाऱ्या विघटनासंबंधी आहे. पॉलिलॅक्टिक आम्लाची पिशवी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात काही महिन्यांत नष्ट होते, परंतु शेताच्या बांधावर टाकली तर दीर्घकाळ तशीच राहू शकते. वैद्यकातील अर्थ निराळा आहे. तेथे विघटन ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, ऊतींमधील द्रवात, सूक्ष्मजीवांच्या मदतीशिवाय व्हावे लागते. शिवाय विघटनातून निर्माण होणारे पदार्थ निरुपद्रवी असावे लागतात. या दुसऱ्या अटीमुळे उमेदवार पदार्थांची संख्या एकदम कमी होते.

लॅक्टिक आम्ल ही अट सहज पूर्ण करते, कारण ते स्नायूंमध्ये परिश्रमाच्या वेळी तयार होतच असते. ते शरीरात पायरुव्हिक आम्लाच्या मार्गाने क्रेब्झ चक्रात जाते आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. हेच आम्ल मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून किण्वनाने मिळवता येते. बुलढाणा जिल्ह्यात कापूस व सोयाबीनबरोबर मक्याचेही पीक घेतले जाते. मात्र पिशवीसाठीचे आम्ल आणि सुईवाटे शरीरात जाणाऱ्या औषधासाठीचे आम्ल यांच्या शुद्धतेच्या कसोट्यांत मोठे अंतर आहे. कच्चा माल तोच असला तरी तो औषध होईपर्यंतची वाट लांबची असते.

इतिहास

शरीरात आपोआप नाहीशा होणाऱ्या धाग्याची कल्पना जुनी आहे. मेंढी किंवा गुरांच्या आतड्यापासून बनवलेला कॅटगट हा धागा शतकानुशतके वापरात होता. तो प्रथिनमय असल्याने विकरांनी पचतो, पण किती दिवसांत पचेल हे रुग्णागणिक बदलते आणि त्याच्याभोवती दाहही होतो. कृत्रिम पॉलिएस्टरांकडे वळण्यामागे ही अनिश्चितता हे मुख्य कारण होते.

नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी लॅक्टिक आम्लापासून कमी रेणुभाराचे बहुवारिक बनवले होते. पाण्याच्या संपर्कात तुटणारे हे पदार्थ कापड उद्योगाला निरुपयोगी वाटले आणि बाजूला पडले. तीन दशकांनी तोच दोष गुण ठरला. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ हा धागा १९७० च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आला. १९७४ मध्ये ग्लायकोलाइड व लॅक्टाइड यांच्या ९०:१० प्रमाणातील सहबहुवारिकाचा ‘व्हिक्रिल’ धागा आला. तो सुमारे ५६ ते ७० दिवसांत पूर्णपणे शोषला जातो. आज भारतातील शस्त्रक्रियागृहांत हे नाव सर्वांच्या तोंडी आहे.

धाग्यात औषध मिसळले तर धागा तुटताना औषध हळूहळू बाहेर पडेल, हा विचार त्यानंतरचा. १९७६ मध्ये रॉबर्ट लँगर आणि ज्यूडा फोकमन यांनी बहुवारिकातून प्रथिनांसारखे मोठे रेणूही दीर्घकाळ सोडता येतात हे दाखवून दिले. त्यांनी वापरलेले बहुवारिक विघटनशील नव्हते. तथापि मोठे रेणू बहुवारिकातून बाहेरच पडू शकत नाहीत, हा समज त्यामुळे मोडला. १९८६ मध्ये युरोपात आणि १९८९ मध्ये अमेरिकेत पीएलजीएच्या सूक्ष्मगोलांत भरलेली संप्रेरकसदृश औषधे मान्यता पावली.

विघटनाची क्रिया

लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांची बहुवारिके एस्टर बंधांनी जोडलेली असतात. पाण्याचा रेणू या बंधावर आला की बंध तुटतो, एका टोकाला आम्ल आणि दुसऱ्याला अल्कोहोल गट उरतो. या क्रियेस जलविच्छेदन म्हणतात. तीत विकरांचा सहभाग गौण असतो, आणि म्हणूनच तिचा वेग रुग्णागणिक फारसा बदलत नाही. कॅटगटच्या तुलनेत हा सर्वांत मोठा लाभ होय.

वेग ठरवण्याचे साधन रसायनज्ञाच्या हाती असते. लॅक्टिक आम्लाच्या रेणूवर असलेला मिथिल गट पाण्याला दूर ठेवतो, तर ग्लायकॉलिक आम्लात तो नसतो. दोन्ही समप्रमाणात असलेले पीएलजीए साधारण एक ते दोन महिन्यांत विघटित होते. लॅक्टिक आम्लाचे प्रमाण ७५ टक्के केल्यास हा काळ चार-पाच महिन्यांपर्यंत आणि ८५ टक्के केल्यास पाच-सहा महिन्यांपर्यंत वाढतो. स्फटिकमय पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन यांना दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. रेणुभार, स्फटिकता आणि वस्तूचा आकार यांचाही परिणाम होतो. औषध किती दिवस पुरवायचे हे आधी ठरवून त्यानुसार बहुवारिक निवडता येते.

झीज दोन प्रकारांनी होते. पीएलजीएमध्ये पाणी झिजेपेक्षा लवकर आत शिरते आणि संपूर्ण वस्तू आतून-बाहेरून एकदमच कमकुवत होते. साबणाची वडी जशी वरून झिजत जाते तशी पॉलिअॅनहायड्राइडांची झीज होते, पृष्ठभाग कमी होत जातो आणि गाभा शेवटपर्यंत कोरडा राहतो. दुसऱ्या प्रकारात औषध एकसारख्या गतीने सुटते. पहिल्या प्रकारात मात्र एक अडचण उद्भवते. सूक्ष्मगोलाच्या आत तयार झालेले आम्ल बाहेर पडू शकत नाही, साचते, आणि स्वतःच उरलेले बंध अधिक वेगाने तोडते. मोठ्या कणाचा गाभा त्यामुळे पृष्ठभागाच्या आधी पोखरला जातो. आतील आम्लता कधीकधी इतकी वाढते की तेथे ठेवलेले प्रथिन आपली रचनाच गमावते.

औषधवहन

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात वापरले जाणारे ल्युप्रोलाइड हे औषध पेप्टाइड असल्याने तोंडावाटे दिल्यास पचून जाते. साध्या द्रावणाच्या रूपात ते रोज त्वचेखाली टोचावे लागे. पीएलजीएच्या सूक्ष्मगोलांत भरल्यावर तेच औषध महिन्यातून एकदा, आणि पॉलिलॅक्टिक आम्लाचा उपयोग केल्यावर तीन महिन्यांतून एकदा देणे शक्य झाले. बुलढाणा तालुक्यातील धाडसारख्या गावातून बुलढाणा किंवा छत्रपती संभाजीनगर येथे उपचारांसाठी जाणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या दृष्टीने हा फरक केवळ सोयीचा नाही. प्रवास, मजुरी बुडणे आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा दिवस यांचा हिशेब धरला तर उपचार पुरा होतो की मध्येच सुटतो, हे बहुधा इंजेक्शनांच्या संख्येवर ठरते. मनोविकारांत वापरल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनचे दर दोन आठवड्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन (अमेरिकेत मान्यता २००३) आणि व्यसनमुक्तीसाठीचे नाल्ट्रेक्सोनचे मासिक इंजेक्शन (२००६) हीसुद्धा पीएलजीएवर आधारलेली आहेत. गोळी घेण्याचे विसरणे किंवा टाळणे हाच जेथे आजाराचा भाग असतो, तेथे दीर्घकाळ सुटणाऱ्या औषधाचे मोल अधिक असते.

सूक्ष्मगोल बनवण्याची नेहमीची रीत अशी आहे. बहुवारिक डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात विरघळवतात, त्यात औषधाचे पाण्यातील द्रावण जोराने घुसळून बारीक थेंब करतात आणि हे मिश्रण पुन्हा पाण्यात घुसळतात. द्रावक उडून गेला की घट्ट गोल उरतात. द्रावकाचा उरलेला अंश औषधात दहा लाख भागांत ६०० भागांहून अधिक असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. गोलाच्या पृष्ठभागाजवळ राहिलेले औषध पहिल्या एक-दोन दिवसांत एकदम सुटते. औषध तीव्र असेल तर हा आरंभीचा लोंढा धोकादायक ठरू शकतो, आणि तो आवरणे हे या क्षेत्रातील चिकाटीचे काम आहे.

पॉलिअॅनहायड्राइडांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘ग्लिआडेल’ चकती. मेंदूतील ग्लायोमा जातीची गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीत आठपर्यंत चकत्या ठेवतात. प्रत्येकीत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टिन असते. हे औषध तेथे जागच्या जागी सुटते. अमेरिकेत तिला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चकती मिळालेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान १३.९ महिने आणि न मिळालेल्यांचे ११.६ महिने भरले. दोन-सव्वादोन महिन्यांचा हा लाभ अल्प म्हणावा की मोलाचा, हे आकड्यांवरून ठरणारे नाही. चकतीने औषध नेमके इष्ट जागी नेले. गाठीच्या पेशी मात्र त्या जागेपलीकडेही पसरलेल्या असतात, आणि तेथवर औषध पोहोचत नाही.

अपयशाचेही एक बोलके उदाहरण आहे. मानवी वाढ संप्रेरकाचे ‘न्यूट्रोपिन डेपो’ हे पीएलजीएमधील इंजेक्शन डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २००४ मध्ये त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. रोजच्या टोचण्यापासून मुलांची सुटका करणारे हे औषध तयार करणे खर्चिक व अवघड ठरले. लहान पेप्टाइडांना पीएलजीए जितके मानवते तितके मोठ्या प्रथिनांना मानवत नाही.

भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा विषय क्षयरोगाचा. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात अनेक महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या मध्येच सुटल्या तर औषधांना दाद न देणारा क्षय बळावतो. चंडीगढच्या स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत जी. के. खुल्लर व सहकाऱ्यांनी रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही तीन औषधे पीएलजीएच्या नॅनोकणांत भरून क्षयग्रस्त उंदरांना तोंडावाटे दिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दर दहाव्या दिवशी एक याप्रमाणे पाच मात्रांनंतर उंदरांच्या ऊतींत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत अमित मिश्रा यांच्या गटाने श्वासावाटे फुप्फुसात जाणाऱ्या कोरड्या सूक्ष्मकणांवर काम केले. फुप्फुसातील भक्षक पेशी असे कण गिळतात, आणि क्षयाचे जंतू याच पेशींत दडून बसलेले असतात. हे प्रयोग उत्साहवर्धक असले तरी क्षयाच्या रोजच्या उपचारपद्धतीत अशा कणांना अद्याप स्थान मिळालेले नाही. मुख्य अडसर किमतीचा आहे. काही रुपयांच्या गोळीची जागा घ्यायची तर कणाची निर्मितीही त्याच पट्टीतील असावी लागते.

जनुकवहन

जनुकाचा रेणू औषधाच्या रेणूपेक्षा कित्येक पटींनी मोठा व ऋणभारित असतो. पेशीचे पटलही ऋणभारित असल्याने ते त्याला दूर सारते, आणि रक्तातील विकरे त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात. विषाणूंनी ही अडचण कोट्यवधी वर्षांपूर्वीच सोडवली आहे. म्हणून बहुतेक जनुकोपचारांत निष्प्रभ केलेले विषाणूच वाहक म्हणून वापरतात. परंतु त्यांच्याविरुद्ध शरीरात प्रतिकार निर्माण होतो, ते पुन्हा देणे अवघड जाते आणि त्यांत मावणाऱ्या जनुकाची लांबी मर्यादित असते. बहुवारिकांचा विचार या उणिवांमुळे पुढे आला.

धनभारित बहुवारिक जनुकाभोवती गुंडाळले की दोहोंचा घट्ट गोळा बनतो. पॉलिएथिलिनइमाइन हे या कामी १९९५ पासून वापरात आहे आणि पेशीत शिरण्यात ते पटाईत आहे. ते विघटित मात्र होत नाही, आणि त्याच्या धनभारामुळे पेशी मरतात. यावर २००० मध्ये डेव्हिड लिन व रॉबर्ट लँगर यांनी पॉलि-बीटा-अमिनोएस्टरे सुचवली. ही धनभारित असूनही त्यांच्या साखळीत एस्टर बंध असल्याने जनुक पोहोचवून झाल्यावर ती तुटतात. येथे विघटनाचे काम औषधवहनाहून निराळे आहे. औषधाच्या बाबतीत ते औषध सोडते, जनुकाच्या बाबतीत वाहकाचा विषारीपणा संपवते.

पीएलजीएचे कण स्वतः ऋणभारित असतात, तरीही त्यांच्या पोटात जनुक भरता येते. या विषयात अमेरिकेत मोठे काम केलेले विनोद लाभसेटवार हे नागपूर विद्यापीठात शिकलेले औषधनिर्माणशास्त्रज्ञ होत. त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की पेशीने गिळलेल्या पिशवीसारख्या पोकळीतील आम्लतेमुळे या कणांच्या पृष्ठभागावरील भार ऋणाचा धन होतो आणि ते सुमारे दहा मिनिटांत पोकळीतून बाहेर पडून पेशीद्रवात येतात. पोकळीत अडकून पचून जाणे हेच जनुकवाहकांच्या अपयशाचे मुख्य कारण असल्याने या निष्कर्षाकडे साऱ्यांचे लक्ष वेधले गेले. नंतरच्या काही प्रयोगांत अशा सुटकेचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि प्रश्न वादाचा राहिला. कण पेशीत असतानाही जनुक हळूहळू सोडत राहतो, हा या पद्धतीचा विशेष होय.

जनुकांची अभिव्यक्ती थांबवणाऱ्या लहान आरएनए रेणूंच्या बाबतीत पीएलजीएचा उपयोग रुग्णांपर्यंत पोहोचला आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात केआरएएस या बिघडलेल्या जनुकाविरुद्धचा आरएनए पीएलजीएच्या बारीक कांडीत भरून ती थेट गाठीत रोवण्याच्या इस्रायलमधील आरंभीच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोविड-१९ च्या साथीत मात्र बाजी मेदद्रव्यांच्या कणांनी मारली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या, २ ते ८ अंशांत टिकणाऱ्या एमआरएनए लशीला भारतात जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिचा वाहकही मेदाधारितच आहे. जनुकवहनात बहुवारिके आजघडीला मेदकणांच्या मागे आहेत, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

विरघळणारे स्टेंट

हृदयाच्या रोहिणीतील अडथळा दूर केल्यावर ती पुन्हा मिटू नये म्हणून बसवलेली धातूची जाळी आयुष्यभर तेथेच राहते. वास्तविक तिची गरज काही महिनेच असते. पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाची, सुमारे तीन वर्षांत नाहीशी होणारी ‘अॅब्सॉर्ब’ जाळी याच विचारातून घडली. भारतात ती २०१२ च्या अखेरीस आली, अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित धातूच्या जाळीला आणि विघटनशील जाळीला एकच कमाल किंमत ठरवून दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने जगभरातील विक्री थांबवली. दीर्घ पाठपुराव्यात या जाळीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण धातूच्या जाळीपेक्षा अधिक आढळले होते. बहुवारिक धातूइतके बळकट नसल्याने तिच्या तारा जाड, सुमारे दीडशे मायक्रोमीटरच्या, ठेवाव्या लागल्या होत्या. रक्तप्रवाहाला त्या अडथळा ठरल्या. ‘नाहीसे होणारे ते अधिक सुरक्षित’ हे गृहीत धरून चालत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

साठवण

पाण्याने तुटणारा पदार्थ कोरडा ठेवावा लागतो. दमट हवेत विघटन बाटलीतच सुरू होते. उष्णतेचा प्रश्नही लहान नाही. पीएलजीए सुमारे ४५ ते ५० अंशांना काचेसारख्या कडक अवस्थेतून मऊ अवस्थेत जाते. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, आणि बंद वाहनात किंवा पत्र्याच्या छपराखाली त्याहून वर जातो. अशा वेळी सूक्ष्मगोल एकमेकांना चिकटतात आणि औषध सुटण्याची आखलेली गती बिघडते. बाटलीकडे पाहून हे नेहमी ओळखू येत नाही. रिस्पेरिडोनचे उपरोक्त इंजेक्शन म्हणूनच २ ते ८ अंशांत ठेवण्याचा निर्देश असतो.

लोणार सरोवरातील जीवाणू

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे बेसॉल्ट खडकात उल्कापाताने बनलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्यातील सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, त्याचा सामू १० च्या जवळपास असतो. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत तो रंग लवणप्रिय आर्किया गटातील सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. लोणारच्या सूक्ष्मजीवांशी या संस्थेचा संबंध त्याआधीचा आहे. महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या नावाने १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत प्रज्ञा कानेकर व सहकाऱ्यांनी सरोवरातील संवर्धनक्षम जीवाणूंचे सर्वेक्षण करून ते २००८ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यानंतर २०१० मध्ये कानेकर यांच्या गटाने पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील बहुवारिकतज्ज्ञाच्या सहकार्याने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोणार सरोवरातून वेगळ्या केलेल्या ‘हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस’ जातीच्या जीवाणूचे एक वाण माल्टोज शर्करेवर वाढवले असता ते आपल्या पेशीत हायड्रॉक्सिब्युटिरेट व हायड्रॉक्सिव्हॅलरेट यांचे सहबहुवारिक साठवते, असे त्यात दाखवले होते. अनुकूल परिस्थितीत पेशींच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग या पदार्थाचा असतो. संस्थेच्या सूक्ष्मजीवसंग्रहात हे वाण एमसीएम बी-१०२७ या क्रमांकाने जतन केलेले आहे. ही जाती केवळ लोणारची नव्हे. तिची पहिली नोंद १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका अल्कधर्मी सरोवरातून झाली होती.

जीवाणू असा पदार्थ साठवतो तो आपल्या सोयीसाठी. भोवती कार्बनयुक्त अन्न मुबलक आणि नायट्रोजनसारखे घटक अपुरे असले, की तो उरलेला कार्बन बहुवारिकाच्या कणांच्या रूपात बाजूला ठेवतो. प्राण्यांच्या शरीरातील चरबीसारखीच ही ठेव होय. पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटचा शोध फ्रान्समधील मॉरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्ये लावला. एकटे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट ठिसूळ असते, साखळीत व्हॅलरेटाचे घटक मिसळल्यावर त्याची स्फटिकता घटून ते अधिक लवचीक होते. लोणारच्या जीवाणूपासून सहबहुवारिक मिळते, हे त्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. खारट व अल्कधर्मी माध्यमात अन्य जीवाणू सहसा वाढत नसल्याने किण्वन दूषित होण्याचा धोका कमी असतो. लवणप्रिय जीवाणूंच्या पेशी गोड्या पाण्यात टाकल्या की फुगून फुटू शकतात, त्यामुळे आतील पदार्थ काढणे सुलभ होते. किण्वन उद्योगात या दोन्ही गोष्टींनी खर्च वाचतो.

या बहुवारिकाचे शरीरात विघटन झाल्यावर ३-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल मिळते. उपवासाच्या काळात यकृत चरबीपासून हेच आम्ल तयार करून रक्तात सोडते. शरीराला ते परके नाही. विघटनाची गती मात्र मंद असते, पीएलजीएच्या तुलनेत खूपच मंद. महिनाभराच्या औषधासाठी हा पदार्थ सोयीचा नाही, परंतु हाडांचे आधार, हृदयावरण शिवण्याचे पडदे आणि वर्षभर टिकावयाची रोपणे यांसाठी तो अभ्यासला जातो.

औषधी उपयोगाच्या आड येणारी सर्वांत कठीण गोष्ट जीवाणूच्या जातीतच आहे. हॅलोमोनास हा ग्रॅम-ऋण गटातील जीवाणू आहे. या गटातील जीवाणूंच्या बाह्यपटलात लिपोपॉलिसॅकराइड हे अंतर्विष असते. त्याचा अत्यल्प अंशही रक्तात गेल्यास ताप, रक्तदाब घसरणे आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. इंजेक्शनाद्वारे दिल्या जाणाऱ्या औषधात त्याची मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ताशी ५ एकके इतकी ठेवलेली आहे. बहुवारिक पेशीतूनच काढलेले असल्याने हे विष त्याला चिकटून येते आणि ते वेगळे करण्यासाठी वारंवार धुलाई व शुद्धीकरण करावे लागते. पिशवी किंवा वेष्टनासाठी याची गरज नसते. त्यामुळे या गटातील पदार्थांना आधी वेष्टन उद्योगात वाट मिळते आणि वैद्यकात उशिरा. तरीही ही वाट बंद नाही. याच कुळातील पॉलि-४-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे जीवाणूजन्य बहुवारिक शुद्ध करून बनवलेल्या शस्त्रक्रियेच्या धाग्याला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. तो धागा जनुकीय बदल केलेल्या, पण ग्रॅम-ऋणच असलेल्या ‘ई. कोलाय’ जीवाणूपासून मिळणाऱ्या पदार्थाचा आहे.

लोणारच्या वाणाचा व्यापारी उपयोग करावयाचा झाल्यास जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो. या कायद्यानुसार जैविक स्रोतांच्या व्यापारी वापरासाठी राज्य जैवविविधता मंडळाला आगाऊ कळवावे लागते, आणि लाभातील वाटा स्थानिक समुदायाला मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राचे मंडळ नागपूर येथे आहे.